पेटीतली खोट आणि पेढीची पत

या वार्षिकाच्या पानांवर दर वर्षी वस्तू व सेवा कर, बँकांचे व्याज, जागांची भाडी, उधारीची वसुली अशा वजनदार विषयांची चर्चा होते. त्या पंक्तीत प्रस्तुत लेखकाने मुलांच्या खेळण्यातील मोटारीचा विषय घेऊन बसावे, हे काही बंधूंना पोरकटपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु मूठभर आकाराच्या त्या मोटारीने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो कापड, किराणा, औषधे, भांडी, यंत्रे अशा कोणत्याही मालाच्या व्यापाऱ्यापुढे आज ना उद्या उभा राहणारा आहे. मालात खोट आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, आपल्याला मात्र ठाऊक झाले आहे. अशा वेळी व्यापाऱ्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मी प्रथम चुकीचे दिले. म्हणूनच हे लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी समजतो.

प्रथम वस्तूची ओळख करून देतो. दुरून, तारेवाचून, बिनतारी लहरींनी चालणाऱ्या मोटारी पूर्वी हातभर लांबीच्या असत व त्या मोठ्या शहरांतील श्रीमंतांच्या घरीच दिसत. जपानमधील क्योशो या कंपनीने १९९९ मध्ये 'मिनी-झेड' नावाची मोटार काढली. ती खऱ्या मोटारीच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्शाची होती आणि घरातील फरशीवर शर्यत खेळता येईल इतकी आटोपशीर होती. पुढे २००१ मध्ये टोमी या जपानी कंपनीने तिच्याहूनही कितीतरी लहान, दोन-अडीच इंच लांबीची मोटार आणली. तेव्हापासून या लहान मोटारींचे युग सुरू झाले. चीनमधील कारखान्यांनी त्यांची किंमत उतरवली आणि आज आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीपासून खेड्यातील जत्रेपर्यंत ती सर्वत्र आढळते. पूर्वीच्या मोटारी बहुधा २७ मेगाहर्ट्झ लहरींवर चालत. एकाच लहरीच्या दोन मोटारी एकत्र आणल्या की एकाचे बटण दाबताच दोन्ही धावत. आता बऱ्याच मोटारी २.४ गिगाहर्ट्झवर चालतात व प्रत्येक मोटार आपल्याच हातयंत्राला ओळखते. आत लिथियमची नखाएवढी बॅटरी, एक चिमुकली मोटर, तिच्या दांड्यावर बसविलेले बारीक दातेरी चाक आणि त्याला जुळणारे मागील आसावरचे मोठे दातेरी चाक, असा सारा संसार असतो.

या संसारात एक खोट व्यापाऱ्यांत आणि छंदी मंडळींत चांगलीच माहितीची आहे. मोटरच्या दांड्यावरचे बारीक चाक प्लॅस्टिकचे असते आणि ते डिंकाने चिकटवलेले नसून दाबून बसविलेले असते. त्याचे भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवतात, म्हणजे ते घट्ट बसते. परंतु हे माप नेमके साधले नाही आणि भोक वाजवीपेक्षा जास्त लहान राहिले, तर त्या प्लॅस्टिकवर रात्रंदिवस ताण पडत राहतो. मोटार खेळा अथवा न खेळा, पेटीत पडल्या पडल्या सुद्धा तो ताण चालूच असतो. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दोन दात्यांमधील खाचेत बारीक भेग पडते. भेग पडली की चाक दांड्यावर सैल होते. मोटर गुणगुणते, पण गाडी जागची हलत नाही. किंवा भेगेजवळचे दोन दाते एकमेकांपासून दूर जातात आणि प्रत्येक फेऱ्याला तेथे अडखळून 'टक्-टक्' असा आवाज येतो. खेळण्यातील आगगाड्यांच्या शौकिनांनाही ही खोट फार वर्षांपासून परिचित आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही खोट विक्रीच्या दिवशी दिसत नाही. दुकानात गाडी फिरवून दाखविली तर ती झकास पळते. सावंतवाडीचे लाकडी खेळणे हाती घेतले, तर रंगाचा पोपडा, लाकडाची चीर, चाकाचा डगडगणारा खिळा गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. तेथे 'पाहून घ्या' म्हणणे न्यायाचे आहे. ज्या मालाची खोट बंद पेटीत आहे आणि उद्या उपजणार आहे, तेथे 'पाहून घ्या' या शब्दांना अर्थ उरत नाही. त्या ठिकाणी पाहू शकणारा एकटा व्यापारीच असतो.

आता माझी हकीकत. तीन वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आधी मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी अशा मोटारींचे २४० नग घेतले. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. नग मला ४१० रुपयांस पडला आणि मी तो ६०० रुपयांस विकत असे. चतुर्थीपासून वसुबारसेपर्यंत ५६ नग गेले. त्यांतील सात-आठ परत आले आणि साऱ्यांची तक्रार एकच होती. आमच्या गल्लीतील कारागिराने एक मोटार उघडून भिंगाखाली धरली, तेव्हा पांढरे चाक चिरलेले दिसले. मी मुंबईस दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले ते इतके सहज की, मी क्षणभर गप्पच झालो. "पहिल्या लॉटमध्ये तेवढी खोट आहे, शेठ. पुढच्या लॉटमध्ये पितळी चाक टाकले आहे. तुमच्याकडे पहिला गेला असेल. दिवाळीच्या गर्दीत निघून जाईल. उरला तर खेड्यांच्या बाजारात काढा."

त्या दिवशी मला खोट कळली. त्यानंतरच्या पाच दिवसांत, म्हणजे पाडव्यापर्यंत, मी आणखी ३४ नग विकले. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही, रोजकीर्दीतून काढलेला आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीवर 'शुभ' आणि 'लाभ' हे दोन शब्द मी माझ्या हाताने लिहिले आणि त्याच दिवशीच्या पानावर त्या मोटारींचे नऊ नग जमा आहेत. मनाची समजूत घालायला कारणे पुष्कळ होती. सणाची गर्दी होती, नोकर माणसे थकली होती, सर्वच नगांत भेग पडेल असे थोडेच आहे, आणि सहाशे रुपयांचे खेळणे ते किती दिवस टिकणार! दिवाळी सरली, गिऱ्हाईक ओसरले आणि उरलेले १५० नग माळ्यावर गेले. विक्री थांबली ती हंगाम संपला म्हणून. माझ्या सद्‌बुद्धीने थांबली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

संक्रांतीनंतर खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एक गृहस्थ दुकानी आले. पिशवीतून त्यांनी ती मोटार काढली. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. म्हणाले, "शेठ, पाडव्याला नेली होती तुमच्याकडनं. पोरगं लई धसमुसळं. चार आठवड्यांत मोडून ठेवली. मी दोन तडाखे दिले त्याला. आता त्याची आजी ऐकत नाही, दुरुस्त करून आण म्हणते. काय पैसे होतील ते घ्या." कारागिराने पंधरा मिनिटांत पितळी चाक बसवून दिले. मी पैसे घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी मला हात जोडले. ते दुकानाच्या पायरीवरून उतरले, तोवर मी काही बोललो नव्हतो. मग मात्र राहवले नाही. मी हाक मारून म्हटले, "दादा, पोराची काही चूक नव्हती. चाकच खोटे होते." ते वळले आणि त्यांनी विचारले, "हे तुम्हाला आधीपासनं ठावं होतं काय?" मी "हो" म्हणालो. ते थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. पुन्हा ते दुकानी आलेले नाहीत.

त्या मुलाने मार खाल्ला तो माझ्या वहीतील १९० रुपयांच्या नफ्यासाठी. हा हिशेब कोणत्याही खात्यावर मांडता येत नाही, परंतु तो खोटाही ठरविता येत नाही.

व्यापारी बंधूंकडून या बाबतीत जे आक्षेप निघतात ते मी स्वतःशी सर्व घेऊन पाहिले आहेत. पहिला आक्षेप असा की, खोट कारखानदाराची, आपण केवळ हातातून हातात माल देणारे. ही समजूत आता कायद्यालाही मान्य नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात 'घेणाऱ्याने जपून घ्यावे' हे तत्त्व आहे खरे, पण त्याला अपवादही त्याच कलमात आहेत. आणि १८७२ च्या करार कायद्याने माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडविणे ही फसवणूक ठरविली आहे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. मालामुळे इजा झाली आणि विक्रेत्याने मालाची तपासणी करण्यात वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा कारखानदाराने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचविली नसेल, तर जबाबदारी विक्रेत्यावरही येते. आपण केवळ वाहक आहोत हा बचाव तेथे चालत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मालावर आय. एस. आय. चा शिक्का असला म्हणजे आपले काम संपले. केंद्र सरकारच्या आज्ञेनुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर हा शिक्का सक्तीचा झाला. विजेवर वा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आय. एस. १५६४४ हे मानक आहे. ही आज्ञा चांगली आहे आणि शिक्का नसलेला माल एकाही सभासदाने दुकानात ठेवू नये. परंतु शिक्का कशाची ग्वाही देतो ते समजून घेतले पाहिजे. मुलाला शॉक बसू नये, खेळणे तापून पेटू नये, बारीक तुकडा घशात अडकू नये, या सुरक्षिततेची ती परीक्षा आहे. दातेरी चाक वर्षभर टिकेल की नाही, हे पाहणे त्या मानकाचे काम नव्हे. म्हणून शिक्का असलेल्या मालातही माहीत झालेली खोट असू शकते, आणि तेथे शिक्क्याकडे बोट दाखविणे म्हणजे दुसऱ्याच्या सहीमागे लपणे होय.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, तो नुकसानीचा. म्हणून मी माझा हिशेब उघड मांडतो. त्या गृहस्थांच्या भेटीनंतर माळ्यावरचे १५० नग खाली काढले. पितळी चाक आठ रुपयांस व कारागिराची मजुरी पंचवीस रुपये, असे नगामागे ३३ रुपये पडले. एकूण ४,९५० रुपये. विकलेल्या ९० गिऱ्हाइकांपैकी ५२ जणांचे दूरध्वनी क्रमांक बिलांवर होते. त्या सर्वांना बोलावून चाके बदलून दिली, त्याचे १,७१६ रुपये झाले. एकूण खर्च ६,६६६ रुपये. सर्व २४० नगांवरील नफा ४५,६०० रुपये होता. म्हणजे नफ्याचा जेमतेम सातवा हिस्सा गेला. ज्या भीतीने मी पाच दिवस तोंड मिटून बसलो, तिची किंमत एवढीच होती. उरलेल्या ३८ जणांचा पत्ता माझ्याकडे नाही, कारण त्यांना बिल दिलेले नव्हते.

परंतु येथेच थांबलो तर मी वाचकांची दिशाभूल केल्यासारखे होईल. चाक बदलता आले म्हणून हे स्वस्तात सुटले. खोट दुरुस्त न होणारी असती, तर १५० नगांचे ६१,५०० रुपये बुडाले असते आणि तोपर्यंत झालेला नफा होता १७,१०० रुपये. तेव्हा मी काय केले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्याची पेढी लहान आहे, ज्याला व्याज भरायचे आहे, त्याला एकट्याला 'प्रामाणिक राहा' असा उपदेश करून आपण मोकळे होणे बरे नव्हे. सचोटीचा भार एकट्याच्या खांद्यावर टाकला की तो खांदा वाकतो. यासाठीच संघटना असते.

खोटेखोटेतही भेद केला पाहिजे. एक खोट अशी की जिने केवळ हिरमोड होतो. दुसरी अशी की जिने इजा होते. चिरलेले चाक पहिल्या प्रकारचे. तसा माल दुरुस्त करून, किंवा खोट स्पष्ट सांगून व किंमत उतरवून विकण्यास माझी हरकत नाही; मात्र खोट बिलावर लिहिलेली असावी. फुगलेली लिथियम बॅटरी, भरताना तापणारे यंत्र, विषारी रंग हे दुसऱ्या प्रकारचे. तो माल कोणत्याही किमतीस, कोणालाही, सांगूनसुद्धा विकता कामा नये. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने 'सार्ज' नावाच्या खेळण्यातील मोटारी जगभरातून परत मागविल्या; त्यांची संख्या सुमारे ४,३६,००० होती. रंगात शिसे आढळले होते आणि तो रंग दुय्यम कंत्राटदाराने परवानगी नसलेल्या ठिकाणाहून घेतला होता. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतच दोन चाकी 'हॉव्हरबोर्ड'चे पाच लाखांहून अधिक नग बॅटरी पेट घेण्याच्या भीतीने परत मागविण्यात आले. एवढ्या प्रचंड कंपन्यांना खोट जाहीरपणे कबूल करावी लागते, तर आपण गल्लीतल्या गिऱ्हाइकाला सांगण्यात कोणता कमीपणा आहे?

आता निर्दोष नग निवडावेत कसे, याविषयी अनुभवाने शिकलेले चार शब्द. गाडी पळवून पाहणे ही परीक्षा येथे निरुपयोगी आहे हे वर सांगितलेच. प्रथम पेटीवरील निर्मितीचा महिना व वर्ष आणि लॉटचा क्रमांक वाचावा. मग गाडीच्या तळावरील खूण त्याच्याशी जुळते का ते पाहावे, कारण जुना माल नव्या पेट्यांत भरलेला मी पाहिला आहे. प्रत्येक खोक्यातील एक नग उघडून चाक पितळी आहे की प्लॅस्टिकचे, आणि प्लॅस्टिकचे असल्यास दात्यांच्या खाचेत भेग आहे का, हे भिंगाने पाहावे. बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहावे. एकदा पूर्ण भरून ती हाताला चटका देण्याइतकी तापत नाही याची खात्री करावी. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या नगाची बॅटरी आपोआप उतरून निकामी होते, म्हणून जुना साठा विकण्यापूर्वी भरून पाहिल्याशिवाय देऊ नये. या साऱ्यास नगामागे पाच मिनिटे लागतात. आज गिऱ्हाईक भ्रमणध्वनीवर बोट टेकवून घरबसल्या तीच मोटार आपल्यापेक्षा स्वस्त मागवू शकते. पेटी उघडून, पाहून, 'हा नग न्या, तो नको' असे सांगणारा माणूस मात्र त्याला तेथे मिळत नाही. ती पाच मिनिटेच यापुढे आपली खरी मिळकत आहे, असे माझे मत आहे.

शेवटी संघापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, संघाच्या कार्यालयात एक दोष-नोंदवही ठेवावी. कोणत्या मालाच्या कोणत्या लॉटमध्ये कोणती खोट आढळली, एवढेच तीत लिहावे. किमान दोन सभासदांनी नग दाखविल्यावरच नोंद व्हावी आणि घाऊक व्यापाऱ्याचे उत्तर शेजारी लिहून घ्यावे, म्हणजे ती वही कोणाच्या वैराचे हत्यार होणार नाही. दोन, घाऊक खरेदीच्या वेळी सर्व सभासदांनी एकच अट घालावी: विक्रेत्याला माहीत असलेली खोट त्याने आधी लेखी कळवावी, न कळविल्यास तो माल त्याने स्वखर्चाने परत घ्यावा. एकट्या दुकानदाराची ही अट मुंबईत कोणी ऐकणार नाही. शंभर दुकानदारांची ऐकावी लागेल. तीन, लहानशा विक्रीलाही बिल द्यावे व त्यावर गिऱ्हाइकाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. कर खात्यासाठी नव्हे, तर चूक झाली असता ती निस्तरता यावी यासाठी.

आमचे अण्णा गल्ल्यावर बसत असताना संशयित नग वेगळ्या फळीवर ठेवत व त्या फळीला हात लावण्याची नोकरांस मनाई असे. त्यांच्या पश्चात जागेच्या टंचाईमुळे मी ती फळी काढून टाकली होती. ती आता पुन्हा बसविली आहे. त्या ३८ जणांपैकी कोणी हे वाचत असल्यास त्यांनी मोटार घेऊन यावे, चाक बदलून मिळेल. आणि घरात त्या मोटारीपायी कोणा मुलाला बोल बसला असेल, तर तो बोल माझ्या नावावर जमा करावा, एवढी विनंती करून हे निवेदन पुरे करतो.